सिग्नल क्रेफिश पकडून खाल्ल्याने नदी वाचते का?

ओढेवाला (धागालेखक)

आम्ही ऑक्सफर्डशायरमध्ये विंडरश नदीच्या जवळ राहतो. थेम्सच्या या उपनदीत, आणि खरे तर दक्षिण इंग्लंडमधील बहुतेक नद्यांत, सिग्नल क्रेफिश या अमेरिकन प्राण्याने ठाण मांडले आहे. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो : कोळंबीच्या शेपटाला खेकड्याच्या नांग्या जोडाव्यात तसा हा गोड्या पाण्यातील प्राणी दिसतो. नांग्या वरून तपकिरी आणि खालून लालभडक असतात, आणि नांगीच्या सांध्यापाशी पांढरट-निळसर डाग असतो. त्याचे मूळ घर उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यात तळ्यांत वाढवून विकण्यासाठी तो ब्रिटनमध्ये आणला गेला, आणि त्या वेळी सरकारी खात्याचेही त्याला प्रोत्साहन होते. तळ्यातून चालत बाहेर पडायला मात्र त्याला कोणाच्या परवान्याची गरज भासली नाही. ब्रिटनचा मूळचा क्रेफिश एकच, पांढऱ्या नांग्यांचा. तो आकाराने लहान आणि वृत्तीने बुजरा आहे, आणि एकामागून एका ओढ्यातून नाहीसा होत चालला आहे.

आमच्या शेजारची काही कुटुंबे रीतसर परवानगी घेऊन नदीत सापळे लावतात. उन्हाळ्यात त्यांच्या अंगणात मेजवानी झडते, आणि 'ही नदीची सेवाच आहे, तुम्हीही या' असे आमंत्रण यंदा मलाही आले आहे. त्यांचे म्हणणे ऐकायला सरळ वाटते. प्राणी परका, वारेमाप माजलेला, वर चवीला उत्तम. मग पकडावा आणि खावा. परंतु इतकी वर्षे इतके लोक इतके सापळे लावत असताना तो कमी का होत नाही, याचे उत्तर त्यांच्यापाशी नाही. जाणकार सभासदांनी यावर लिहावे, अशी विनंती आहे.

चिंबोरी

नदी वाचेल की नाही ते जाणकार सांगतीलच, तोवर आपण वाटणाचा नारळ भाजायला घ्यावा. नांग्या फोडून रस्सा केला तर तो चिंबोरीच्या रश्शाच्या जवळपास जातो का, एवढे कोणीतरी प्रामाणिकपणे सांगावे.

शेवाळ

ओढेवाला, तुमच्या प्रश्नाचे उत्तर सापळ्याच्या जाळीत आहे. गोड्या पाण्यातील जीवांचे सर्वेक्षण हा माझ्या कामाचा भाग असल्यामुळे जरा विस्ताराने लिहिते.

आमिष लावलेला, नरसाळ्यासारख्या तोंडाचा सापळा सरसकट सगळे क्रेफिश पकडत नाही. त्यात मोठे, दांडगे आणि बहुतांशी नर शिरतात. लहान पिल्ले जाळीच्या भोकांतून निघून जातात. शिवाय आत एखादा मोठा नर बसलेला असेल, तर लहानगे सापळ्याकडे फिरकतच नाहीत. त्यामुळे सापळा भरून आला की माणसाला वाटते आपण नदी रिकामी केली, आणि प्रत्यक्षात आपण फक्त वरची साय काढलेली असते.

ही साय किती पातळ असते ते नॉर्थ यॉर्कशायरमधील बुकिल गिल बेक या लहानशा ओढ्यावर मोजले गेले. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी ओढ्याचे तुकडे बांध घालून अडवले, पाणी उपसून तळ कोरडा केला, दगड उचलून सापडेल तो क्रेफिश मोजला, आणि पुन्हा पाणी भरून उपसण्याची ही कसरत प्रत्येक ठिकाणी तीनदा केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एका चौरस मीटरमध्ये सुमारे २० पासून ११० पर्यंत क्रेफिश आढळले. त्यांपैकी सापळ्यात सापडण्याइतके मोठे, म्हणजे ज्यांच्या पाठीचे कवच ३५ मिलिमीटर किंवा अधिक लांबीचे आहे असे, केवळ २.३ टक्के होते. उरलेले जवळजवळ ९८ टक्के प्राणी तुमच्या शेजाऱ्यांच्या मेजवानीला येण्याची शक्यताच नाही.

गळकरी

शेवाळताई, आकडे मान्य आहेत, पण एका डोंगरी ओढ्याचा हिशेब साऱ्या नद्यांना लावू नये असे मला वाटते. आमचा गळाने मासे धरणाऱ्यांचा एक छोटा क्लब आहे, आणि नदीचा एक पट्टा आमच्याकडे भाड्याने आहे. तिथे आम्ही दर हंगामात नेमाने सापळे लावतो. पूर्वी गळ टाकला की मासा लागण्याआधी आमिष क्रेफिशच पळवत असे. आता निदान शांतपणे बसता येते. मोठे क्रेफिश माशांची अंडी खातात, बिळे खणतात, मूळच्या क्रेफिशला हुसकावून लावतात. मग निदान मोठे तरी काढले तर काय बिघडले? शंभर टक्के जमत नाही म्हणून दोन टक्केही करू नये, हा युक्तिवाद मला पटत नाही.

शेवाळ

गळकरी, तुमच्या पट्ट्यात आमिष शाबूत राहते, यावर माझा विश्वास आहे. तेवढा लाभ खरा आहे आणि तो सापळे लावत राहीपर्यंत टिकतो. अडचण पुढे आहे. क्रेफिश स्वजातीची पिल्ले आवडीने खातो. मोठ्या नरांचा धाक असतो तोवर पिल्ले दगडांखाली दबून राहतात आणि त्यांतील बरीच पोटात जातात. तुम्ही धाक काढून घेतलात की अन्न आणि आडोसा दोन्ही पिल्लांना मोकळे होतात. मादी एका वेळी २०० ते ४०० अंडी शेपटाखाली घेऊन हिवाळा काढते, तर मूळच्या पांढऱ्या नांगीच्या मादीची अंडी बहुधा शंभराच्या आतच असतात. असे असताना केवळ मोठे वेचणे म्हणजे पुढच्या पिढीला जागा करून देणे होय. थोडक्यात, सापळे लावायचे तर ते दरवर्षी, न थकता, साऱ्या पट्ट्यात आणि इतर उपायांच्या जोडीने लावावे लागतात. उन्हाळ्यातल्या चार मेजवान्यांनी ते साधत नाही.

एक्समूरमध्ये बार्ल नदीवर याच कारणासाठी वेगळी वाट धरली गेली. २०१५ पासून तिथे सापळ्यात आलेले मोठे नर मारून न टाकता त्यांची नसबंदी करून ते, खास परवानगीने, पुन्हा नदीत सोडले गेले. नराच्या पोटाखाली समागमासाठी खास उपांगांच्या दोन जोड्या असतात, त्या काढून टाकल्या जातात. नर दांडगाच राहतो, इतर नरांना पळवतो, माद्यांशी जुगतो, पिल्लेही खातो. त्याच्यापासून नवी प्रजा तेवढी होत नाही.

तर्कट

नदीकाठी लाल त्रिकोण रंगवून 'आम्ही दोन, आमचे दोन' अशी पाटी लावायची का? चारशे अंड्यांच्या मादीला ती वाचून दाखवण्याची जबाबदारी चिंबोरी यांच्याकडे द्यावी.

चिंबोरी

मी वाचून दाखवीन, पण मग तिने मला कढईत भेटायला हवे.

साकव

चर्चा नांग्या, बिळे आणि अंडी यांभोवती फिरत आहे, आणि मूळच्या क्रेफिशचा खरा काळ कोण याचा उल्लेखही अजून झालेला नाही. तो आहे क्रेफिशचा प्लेग. अफानोमायसीस अस्टासी नावाचा, बुरशीसारखा दिसणारा पण बुरशी नसलेला, पाण्यातील एक सूक्ष्म जीव हा रोग घडवतो. तो मूळचा उत्तर अमेरिकेचा. तिथल्या क्रेफिशचे आणि त्याचे वैर इतके जुने आहे की त्यांच्या कवचात तो शिरला की शरीर त्याच्या धाग्यांभोवती काळसर रंगद्रव्याचे आवरण चढवून त्याला जागच्या जागी कोंडून टाकते. प्राणी जगतो आणि आयुष्यभर रोग वाहत राहतो. युरोपातील क्रेफिशना हा शत्रू कधी भेटलाच नव्हता. त्यांचे शरीर वेळेवर जागे होत नाही आणि काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, सगळी वसाहत मरते.

युरोपात हा रोग प्रथम उत्तर इटलीत १८६० च्या सुमारास दिसला, १९०७ मध्ये स्वीडनमध्ये पोचला आणि १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये. म्हणजे सिग्नल क्रेफिश इथे येऊन जेमतेम पाच-सहा वर्षे झाली होती.

रोगाची खूण नदीकाठी फिरणाऱ्या प्रत्येकाने ओळखावी. क्रेफिश हा रात्री हिंडणारा प्राणी आहे. तो भर दुपारी उघड्यावर, पाय ताठ करून, टाचा उचलल्यासारखा डळमळत चालताना दिसला, डिवचल्यावर शेपूट झटकून मागे पळण्याचे त्याला सुचले नाही, किंवा तो उताणा पडून पाय हलवत असला, तर शंका घ्यावी. मग शेजारचे मासे आणि दगडाखालच्या अळ्या पाहाव्यात. त्याही मेल्या असतील तर पाण्यात विष मिसळले असण्याचा संभव आहे. बाकी सगळे ठणठणीत असून केवळ क्रेफिश मरत असतील, तर तो बहुधा प्लेग असतो, आणि ते तत्काळ संबंधित यंत्रणेला कळवले पाहिजे.

आता ओढेवाल्यांच्या प्रश्नाशी याचा संबंध. या जीवाचे बीजाणू पाण्यात पोहतात आणि ओल्या वस्तूंवरही काही दिवस तग धरतात. आयर्लंडमध्ये मूळचा पांढऱ्या नांगीचा क्रेफिश आहे आणि परदेशी क्रेफिशची वसाहत तिथल्या नद्यांत आढळली नव्हती. तरीही २०१५ मध्ये कॅव्हन परगण्यातील ब्रस्की नदीत प्लेग निघाला, आणि २०१७ मध्ये तो शुअरसारख्या मोठ्या नदीत पोचला. प्राणी न येता त्याचा रोग आला, म्हणजे तो ओल्या बुटांवरून, जाळ्यांवरून, होड्यांवरून आला असण्याचाच संभव सर्वात मोठा. हौसेने एका नदीतला सापळा उचलून दुसरीत लावणारा माणूस नदीची सेवा करतो की हत्या, हे तुम्हीच ठरवा.

गळकरी

साकव यांचा शेवटचा मुद्दा निर्विवाद आहे. आमचे सापळे आमच्या पट्ट्याबाहेर जात नाहीत, हे मात्र नोंदवून ठेवतो. आणि बिळांबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. पाणी उतरले की काठाच्या चिकणमातीत ती उघडी पडतात : चपटी, लंबगोल तोंडे, एकावर एक, कोपरापर्यंत हात घातला तरी शेवट लागत नाही अशी. दोन मीटरपर्यंत खोल गेलेल्या बिळांच्याही नोंदी आहेत. पुढच्या पुरात तो काठ आतून पोकळ असल्यामुळे गवतासकट ढासळतो, आणि वरच्या शेताची कड दरवर्षी थोडी मागे सरकते. शेतकऱ्याला प्लेगशी देणेघेणे नाही. त्याला जमीन गेलेली दिसते.

नर्मदातीर

बिळांची माती जाते कुठे, तेही पाहावे. नॉर्थहॅम्प्टनशायरमध्ये नीन नदीवर पाण्याचा गढूळपणा सतत मोजला, तेव्हा पाऊस नसतानाही तो रात्री वाढून दिवसा उतरतो असे दिसले. रात्री हजारो क्रेफिश तळ उकरत चालतात, त्याचा हा परिणाम. ती बारीक माती पुढे खड्यांच्या फटींत बसते, आणि ज्या फटींत ट्राउट मासे अंडी घालतात त्या बुजतात.

बुलहेड हा दगडाखाली राहणारा छोटा मासा आणि लोच यांचेही असेच झाले आहे. ग्रेट ऊझ नदीवरील अभ्यासात, जिथे सिग्नल क्रेफिश दाट होते तिथे हे दोन्ही मासे विरळ झालेले आढळले, कारण दगडाखालची जागा जो बळकट त्याची. गोगलगायी, जळवा, कॅडिसच्या अळ्या यांची गत तर विचारू नये. जे हळू चालते ते आधी संपते. एका क्रेफिशच्या जागी दुसरा क्रेफिश आला, एवढीच ही गोष्ट नाही. मूळचा क्रेफिशही पालापाचोळा आणि किडे खातो, पण त्याची संख्या आणि भूक दोन्ही नदीला झेपणारी होती.

माळढोक

मी वेगळा सूर लावतो आणि शिव्या खायला तयार राहतो. 'परका', 'आक्रमक', 'हाकलून लावा' ही भाषा आपण, जे स्वतः व्हिसा घेऊन या देशात आलो, किती सहजपणे वापरत आहोत! हा प्राणी स्वतःहून आला नाही. माणसाने नफ्यासाठी आणला, आणि आता माणूसच त्याला उकळत्या पाण्यात टाकून पुण्य मिळवू पाहतो. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात क्रेफिश, खेकडे आणि शेवंडे यांनाही संवेदनशील प्राणी मानले आहे. पाणमांजरे आणि राखी बगळे हे क्रेफिश खाऊन गलेलठ्ठ झाले आहेत. निसर्ग आपला तोल सावरेल, असे आपण का धरून चालत नाही?

शेवाळ

माळढोक, त्याला वेदना न देता मारावे हा तुमचा आग्रह योग्यच आहे. जिवंत उकळण्याऐवजी आधी थंडीने बधिर करून मग झटकन मारण्याची पद्धत सुचवली जाते. परंतु माणसांच्या स्थलांतराची उपमा इथे लागू करू नये. आपण इथे येताना शेजाऱ्याच्या सगळ्या कुळाला मारणारा रोग घेऊन आलो नाही, आणि शेजारी संपल्यावर त्याच्या घरात राहिलोही नाही. पाणमांजराला मेजवानी मिळते हे खरे, पण बगळा किंवा पाणमांजर प्लेगचा बीजाणू खात नाही. निसर्ग तोल सावरेलही. फक्त त्या नव्या तोलात पांढऱ्या नांगीचा क्रेफिश नसेल. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो आजच 'संकटग्रस्त' आहे.

उत्तरध्रुव

मी स्वीडनमध्ये राहतो, आणि खाण्याने काय होते याचे उत्तर आमच्याकडे फार जुने आहे.

इथे ऑगस्टमध्ये क्रेफिशची मेजवानी हा जवळजवळ सणच असतो. मिठाच्या पाण्यात, फुलोऱ्यावर आलेल्या शेपूच्या जुड्या घालून क्रेफिश शिजवतात, रात्रभर त्याच पाण्यात मुरू देतात आणि गार झाल्यावर हातांनी फोडून, आवाज करत चोखतात. (चिंबोरी यांच्यासाठी : मांस गोडसर असते, चिंबोरीपेक्षा कोळंबीच्या अधिक जवळचे, आणि शेपटातच काय ते सापडते. रश्शाला कवचाचा स्वाद उतरतो, पण भरपूर लागतात.) १९०७ नंतर प्लेगने आमचा मूळचा क्रेफिश एकेका तळ्यातून पुसला. लोकांना ऑगस्टची मेजवानी तर हवी होती. म्हणून १९६० पासून रोगाला दाद न देणारा सिग्नल क्रेफिश कॅलिफोर्नियातून आणून सोडला गेला. रिकाम्या तळ्यांत रोग टिकत नाही, कारण त्याला यजमान लागतो. आता मात्र त्याला कायमचा यजमान मिळाला. जे तळे कधीतरी पुन्हा मूळच्या क्रेफिशला देता आले असते, ते कायमचे गेले.

त्याहून वाईट म्हणजे, प्राणी चवदार आणि महाग असल्यामुळे लोकांनी तो रात्री बादल्यांतून नेऊन आपापल्या तळ्यात चोरून सोडला. कायद्याने बंदी आहे, तरीही. ज्याला बाजारभाव आहे त्याला कोणी संपवत नाही, त्याची लागवड करतात. ओढेवाला, तुमच्या शेजाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. परंतु हा प्राणी ब्रिटनमध्येही खाण्यासाठीच आला होता, हे त्यांना विचारून पाहा.

भीमथडी

उत्तरध्रुव यांचे शेवटचे वाक्य उजनीच्या काठावरून तंतोतंत पटते. आमच्याकडे क्रेफिश नाही, चिलापी आहे. तिलापिया हा आफ्रिकेतला मासा १९५२ मध्ये भारतात आला, आणि आज भिगवणच्या बाजारात चिलापीचे ढीग लागतात. मरळ, वाम, शिंगाडा विचारले तर विक्रेता आधी तुमच्याकडे बघतो आणि मग दर सांगतो. चिलापीला गिऱ्हाईक आहे, हॉटेलांत तळून मिळते, कितीतरी घरे तिच्यावर चालतात. दिवसरात्र पकडून, वर्षानुवर्षे खाऊनही ती कमी झालेली नाही. अर्थात इथे धरण, सांडपाणी आणि वाळूउपसा यांचाही वाटा मोठा आहे, सगळे पाप चिलापीच्या माथी मारता येत नाही. पण 'खाऊन संपवू' हा प्रयोग आमच्याकडे रोज चालू आहे, आणि त्याचा निकाल ताटात दिसतो.

तर्कट

भीमथडी, म्हणजे ताट भरले आणि नदी रिकामी झाली.

कुंडीतलेझाड

विषय थोडा बाजूला जाईल, पण विचारते. माझ्या भाच्याने पुण्यात काचेच्या टाकीसाठी निळा क्रेफिश ऑनलाइन मागवला आहे. तो आता टाकीतील मासे खातो म्हणून घरचे त्याला 'मोकळे' करण्याच्या विचारात आहेत. भारतातल्या उष्ण पाण्यात तो जगेल का?

साकव

कृपा करून त्यांना आजच फोन करा आणि थांबवा. सिग्नल क्रेफिश थंड पाण्याचा आहे, पण शोभेच्या व्यापारातील जाती बहुधा उष्ण पाण्याच्या असतात : लुइझियानाचा लाल क्रेफिश, ऑस्ट्रेलियाचा रेडक्लॉ. भारताच्या मुख्य भूमीवर मूळचा एकही क्रेफिश नाही. याचा अर्थ जागा रिकामी आहे असा होत नाही. ती आपल्या गोड्या पाण्यातील खेकड्यांची आणि कोळंबीची आहे. शिवाय गोड्या पाण्यातील काही खेकडे प्लेगचा जीव अंगावर वागवू शकतात असेही आढळले आहे.

लुइझियानाचा लाल क्रेफिश १९७० च्या दशकात दक्षिण स्पेनमध्ये आणला गेला आणि ग्वादालकिविर नदीच्या पाणथळीतील भातशेतीत पसरला. तो बांध पोखरतो आणि खाचरातील पाणी वाहून जाते. कोकणातल्या किंवा मावळातल्या कोणाही शेतकऱ्याला याहून अधिक सांगायची गरज नाही. संगमरवरी क्रेफिशची तर कथाच वेगळी. १९९० च्या दशकात जर्मनीतील शोभेच्या व्यापारात तो प्रथम लक्षात आला. त्यात सगळ्या माद्याच असतात आणि नराशिवाय त्यांना पिल्ले होतात. एकच जीव ओढ्यात पडला तरी वसाहत उभी राहू शकते. मादागास्करमध्ये तो भातखाचरांतून पसरला, आणि तिथेही त्याला हातभार लावला तो बाजारात विकायला नेणाऱ्यांनीच.

कुंडीतलेझाड

फोन केला. टाकीवर झाकण आले आहे आणि प्राणी टाकीतच राहणार आहे. भाचा रुसला आहे, पण वहिनींनी 'घरात आणलास, आता सांभाळ' असे सुनावले.

रानवाटा

एवढे सगळे वाचून प्रश्न पडतो की मग उपाय आहे तरी काय? विष घालता येत नाही का?

शेवाळ

बंदिस्त पाण्यात येते. नॉर्वेतील डमाने येथील तळी २००८ मध्ये कीटकनाशकाने साफ केली गेली. स्कॉटलंडमध्ये बॅलाहूलिश येथील पाटीच्या दगडाच्या जुन्या खाणीतील तळ्यात शेवंतीच्या कुळातील फुलांपासून मिळणारे पायरेथ्रम वापरले गेले. त्यात मासे आणि किडेही मरतात, म्हणून मासे आधी काढून ठेवावे लागतात आणि काठावर पहारा ठेवावा लागतो, कारण क्रेफिश पाण्याबाहेर पडून चालू लागतो. वाहत्या नदीत हे करणे म्हणजे खालच्या सगळ्या गावांच्या पाण्यात विष सोडणे. त्यामुळे विंडरशसारखी नदी सिग्नल क्रेफिशपासून मुक्त करण्याचा मार्ग आज कोणापाशीही नाही, हे स्पष्टपणे म्हटलेले बरे.

म्हणून सारा भर उरलेल्या मूळच्या क्रेफिशला दूर नेऊन ठेवण्यावर आहे. जुन्या खाणींतील तळी, इतर ओढ्यांशी न जोडलेले झरे, अशा जागा शोधून तिथे त्यांची वसाहत करतात. ब्रिस्टलच्या प्राणिसंग्रहालयाने अंडी असलेल्या माद्या आणून पिल्ले वाढवण्याचे आणि ती अशा आश्रयस्थानी सोडण्याचे काम अनेक वर्षे केले आहे. कधीकधी धबधबा किंवा जुना बंधाराही कामी येतो. माशांच्या सोयीसाठी बंधारे काढावेत अशी मागणी सर्वत्र असते, आणि नेमका तोच बंधारा वरच्या ओढ्यातील शेवटच्या मूळ क्रेफिशचे रक्षण करत असतो. अशा वेळी दोन निसर्गप्रेमी एकमेकांशी भांडताना मी पाहिले आहेत, आणि दोघांचेही म्हणणे खरे होते.

गळकरी

त्या भांडणातला एक मी असू शकतो. ट्राउटला वर चढायला वाट हवी, यावर मी अजूनही ठाम आहे.

ओढेवाला

सर्वांचे आभार. शेजाऱ्यांशी काल बोललो. बुकिल गिल बेकचे आकडे त्यांनी शांतपणे ऐकले आणि उत्तरध्रुव यांच्या मुद्द्यावर ते जरा गप्प झाले. मेजवानी मात्र रद्द होणार नाही, आणि ती व्हावी यात मला गैर वाटत नाही, कारण ज्या पट्ट्यात मूळचा क्रेफिश केव्हाच संपला आहे तिथे पकडलेला प्राणी कायद्याने परत सोडता येत नाही आणि जिवंत नेताही येत नाही. तो मारायचा असेल तर खाणे हा त्याचा मान राखणेच झाले. मी जाणार आहे. फक्त 'नदीची सेवा' हा शब्द तिथे कोणी उच्चारला तर मी आक्षेप घेणार आहे.

एक व्यावहारिक शंका उरली. त्यांच्यातील एकजण पुढच्या महिन्यात तेच वेडर (पाण्यात उतरताना घालायची बुटांसकट जलरोधक विजार) आणि तेच सापळे घेऊन डर्बीशायरमध्ये सासऱ्यांकडे जाणार आहेत. त्यांना नेमके काय करायला सांगू?

साकव

सापळे नेऊच नयेत. परवानगी ठराविक जागेसाठीच असते, आणि डर्बीशायरच्या काही ओढ्यांत मूळचा क्रेफिश अजून आहे. अशा ठिकाणी सरकारी पर्यावरण संस्था (एन्व्हायर्नमेंट एजन्सी) सापळ्याला परवानगी देत नाही, कारण नवख्या माणसाला लहान सिग्नल आणि पांढऱ्या नांगीचा क्रेफिश यांतला फरक कळत नाही. सापळ्याचे तोंड ९५ मिलिमीटरपेक्षा मोठे चालत नाही, तेही पाणमांजर आत अडकून बुडू नये म्हणून.

वेडरसाठी नियम तोच, जो २०११ पासून इथे सगळीकडे पाट्यांवर लिहिलेला असतो : पाहा, धुवा, वाळवा. शिवणींत आणि तळव्याच्या खाचांत अडकलेला चिखल, पाने काढावीत, शक्यतो गरम पाण्याने धुवावे, आणि मग पूर्ण वाळू द्यावे. बीजाणूला कोरडेपणा सोसत नाही. नमद्याच्या तळव्याचे बूट असतील तर ते वरून कोरडे लागले तरी आतून बरेच दिवस ओले राहतात, म्हणून सासुरवाडीला दुसरे बूट न्यावेत.

शेवाळ

आणि गाडीच्या डिकीत गुंडाळून ठेवलेले वेडर वाळत नाहीत, हेही त्यांना सांगा. दोरीवर उलटे टांगायला हवेत, पायाची बाजू वर करून.